पाळलेल्या सापाची कात अडकली तर? सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी पेटली की माझ्या फोनवर सापांचे फोटो यायला लागतात. तुकड्यातुकड्यांनी लोंबणारी कात, दुधाळ डोळे, शेपटीच्या टोकाला चिकटलेली पुंगळी. जुळे सोलापूर असो, होटगी रोड असो की अक्कलकोट रोड, प्रश्न तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. इथली उत्तरं बॉल पायथॉन, कॉर्न स्नेक आणि केनियन सँड बोआ या परदेशी सापांसाठी आहेत. मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं साप पाळणारा माणूस आहे. डॉक्टर कधी गाठायचा ते प्रश्न १५ मध्ये आहे.

१. साप कात का टाकतो आणि किती दिवसांनी?

साप जन्मभर थोडाथोडा वाढत राहतो, पण त्याच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर वाढत नाही, फक्त झिजतो. खाली नवा थर तयार झाला की जुना सगळाच्या सगळा उतरतो. वाढीच्या वयातली पिल्लं साधारण चार ते सहा आठवड्यांनी कात टाकतात, मोठे साप दोन-तीन महिन्यांनी. दोन-चार आठवडे मागेपुढे झालं म्हणून घाबरू नका. तब्येत ठीक असेल तर नाकापासून सुरुवात होते आणि पायमोजा उलटा करून काढावा तशी कात अखंड निघते. ती तुकड्यांत निघाली तर कुठेतरी काहीतरी चुकतंय.

२. डोळे निळसर पांढरे झालेत. साप आंधळा झाला का?

नाही. जुन्या आणि नव्या थरामध्ये द्रव भरतो, त्यामुळे डोळे दुधाळ दिसतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, आम्ही पाळणारे त्याला चष्मा म्हणतो. कातीबरोबर हा चष्माही बदलतो.

आधी रंग मळकट होतो, पोट गुलाबीसर दिसतं, मग काही दिवस डोळे दुधाळ राहतात. त्यानंतर डोळे पुन्हा निवळतात आणि नवखा माणूस नेमका इथे फसतो. ‘कात टाकायची राहूनच गेली’ असा मेसेज येतो तो याच दिवशी. डोळे निवळल्यावर दोन-चार दिवसांनी कात निघते. सगळा प्रकार एक ते दोन आठवड्यांचा. या काळात सापाला नीट दिसत नाही, तो चिडका होतो, एरवी गरीब असलेलाही फटकारतो. हातात घेऊ नका, पाहुण्यांना दाखवायला तर मुळीच काढू नका. टाकीवर, म्हणजे साप ठेवलेल्या पेटीवर, तिन्ही बाजूंनी चादर टाकून आडोसा केला तर तो निवांत राहतो. चादर मात्र कोरडी हवी आणि गरम दिव्यापासून लांब.

३. या दिवसांत उंदीर द्यायचा का?

बहुतेक साप स्वतःहूनच नको म्हणतात. डोळे दुधाळ दिसले की मी देतच नाही, कात निघाल्यावर एक-दोन दिवसांनी देतो. मोठ्या सापाला दोन आठवड्यांच्या उपासाने काही होत नाही. जिवंत उंदीर तर या काळात टाकीत सोडूच नका, नीट न दिसणाऱ्या सापाला तो कुरतडतो.

४. कात अडकली हे कसं ओळखायचं? किती वाट पाहायची?

एकदा नाकाशी सुटली की कात सहसा काही तासांत पूर्ण निघते. चोवीस तासांनंतरही अंगावर पापुद्रे दिसत असतील तर अडकली समजा.

साप बघण्याआधी कात बघा. टाकीतून ती उचला, ओली नसेल तर पाणी शिंपडून मऊ करा आणि काळ्या कापडावर हळूहळू उलगडा. डोक्याच्या भागात दोन छोटे पारदर्शक फुगे दिसले पाहिजेत, ते दोन्ही डोळ्यांचे चष्मे. मग शेपटीचं टोक शोधा. ते निमुळतं, बंद हवं. टोकाला भोक दिसलं तर उरलेली टोपी सापाच्या शेपटीवरच आहे. हे दोन्ही नीट दिसले की मी बाकीच्या तुकड्यांची फार काळजी करत नाही.

जाता जाता एक सांगतो. कात ताणली जाते, म्हणून ती सापापेक्षा बरीच लांब भरते. कात मोजून ‘माझा पाच फुटी झाला’ म्हणू नका.

५. रत्नागिरीच्या मित्राकडे हाच साप आहे, त्याला कधीच त्रास नाही. माझ्याच सापाची कात का अडकते?

कारण तुम्ही सोलापुरात राहता. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ तक्रारींचं उत्तर एवढंच आहे. त्याच्याकडे समुद्राची दमट हवा आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि दुपारच्या हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते. दोन तासांत वाळत घातलेला पायजमा कडकडीत होतो. सापाच्या दोन थरांमधला ओलावाही तसाच उडतो आणि जुना थर नव्याला कागदासारखा चिकटतो. थंडीतही आपली हवा कोरडीच असते. पावसाळ्यात मात्र हेच फोन बंद होतात, आणि माझ्या मते याहून वेगळा पुरावा लागत नाही.

बॉल पायथॉन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. त्याला एरवी ५५ ते ६० टक्के आणि कात टाकताना ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, त्याचं ४० ते ५० टक्क्यांवर भागतं, कातीच्या वेळी थोडी वाढवा. सँड बोआ कोरड्यातला असला तरी बिळात खोल शिरून ओलावा गाठतो. म्हणजे त्यालाही एक ओला कोपरा लागतोच.

आता टाकीकडे या. वर जाळीचं झाकण, खाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) आणि खोलीत फुल स्पीडचा पंखा, अशी टाकी म्हणजे वाळवणाचा कट्टाच. जाळीचा तीन चतुर्थांश भाग अॅक्रिलिकच्या तुकड्याने झाका. पाण्याचं भांडं मोठं, साप आत बसू शकेल एवढं घ्या. तळाचं वर्तमानपत्र काढून कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घाला. डिजिटल आर्द्रतामापक आणा, काट्याचे स्वस्त मापक मनाला येईल ते दाखवतात. तो सापाच्या उंचीवर, थंड बाजूला ठेवा. तेवढ्याच बाष्पात गरम बाजूचा आकडा नेहमी कमी दिसतो, आणि लोक तो पाहून टाकीत चिखल करतात. त्याचे परिणाम प्रश्न १२ मध्ये.

६. दिवसातून चार वेळा स्प्रे मारतो, तरी फरक नाही. असं का?

स्प्रेचं पाणी आपल्या हवेत अर्ध्या तासात उडून जातं. सापाला दिवसभर टिकणारा ओलावा हवा आणि तो द्यायचा सोपा मार्ग म्हणजे ओलं बिळ.

श्रीखंडाचा किंवा आइस्क्रीमचा मोठा प्लॅस्टिक डबा घ्या. सापाच्या सगळ्यात जाड भागाच्या दीडपट रुंद भोक पाडा आणि कडा मेणबत्तीने किंवा सँडपेपरने गुळगुळीत करा, नाहीतर नवी कातडी तिथेच कापते. आत नर्सरीत ऑर्किडसाठी मिळणारं मॉस, म्हणजे शेवाळ, भरा. ते भिजवून मुठीत घट्ट पिळा. थेंब पडणं थांबलं की बरोबर झालं. डबा टाकीच्या मधोमध, थोडा गरम बाजूला सरकवून ठेवा. रंग मळकट झाला त्या दिवशी ठेवायचा आणि कात निघाली की काढायचा. दर आठवड्याला मॉस बदला, बुरशीचा वास आला तर त्याच दिवशी. साप त्यात जातो की नाही हे बघत बसू नका, रात्री जातो.

७. कात अडकलीच आहे. आता कशी काढू?

तुम्ही काढायचीच नाही, सापाला काढू द्यायची. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी पाठीवरचा एक पापुद्रा नखाने धरून ओढला. बरोबर खालची कच्ची कातडीही सोलली गेली. दोन बोटांएवढी लाल जखम झाली, ती भरायला तीन काती लागल्या आणि तिथले खवले आजही वाकडे आहेत.

आपल्या गावाकडे यावर उत्तम इलाज आहे. सोलापुरी टॉवेल. त्याचे उभे लूप कातीच्या सुटलेल्या कडा पकडतात, पण नव्या खवल्यांना ओरखडत नाहीत. टॉवेल नवा असेल तर आधी दोनदा साध्या पाण्यात धुवा, कांजी आणि सुटा रंग निघून जाऊ द्या. वासाची पावडर नको.

बंद झाकणाच्या, हवेला भोकं असलेल्या डब्यात कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल सैल गोळा करून ठेवा आणि साप आत सोडा. पाणी २८ ते ३० अंश, म्हणजे मनगटावर घेतलं तर गारही नाही आणि गरमही नाही असं. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी थेट घेऊ नका, ते चटका देतं. डबा सावलीत ठेवा. अर्धा ते पाऊण तास साप टॉवेलच्या घड्यांमधून फिरतो आणि पापुद्रे टॉवेलला लागून येतात. मग दुसरा ओला टॉवेल हातात सैल धरा आणि सापाला त्यातून स्वतःच्या जोरावर पुढे जाऊ द्या. मूठ आवळायची नाही. जे निघालं ते निघालं, बाकीचं उद्या. तीन दिवस रोज एकदा करा, त्याहून जास्त नाही.

पाण्यात बुडवून ठेवण्यापेक्षा मला टॉवेल बरा वाटतो. तरीही भिजवायचंच असेल तर पाणी सापाच्या जाडीच्या निम्म्याइतकंच घ्या, वीस मिनिटं पुरेत, आणि दाराची बेल वाजली तरी जागेवरून हलू नका. हे भांडं स्वयंपाकघरातलं नको. सापाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून नंतर हातही साबणाने धुवा.

८. आजी म्हणते खोबरेल तेल लाव. लावू का?

नको. कातीला पाणी हवंय, तेल नव्हे. तेलाने ती मऊ दिसते, पण पाणी आत जायला अडथळा होतो आणि धूळ-कोकोपीट अंगाला चिकटतं. ग्लिसरीन, कोरफड, बेबी ऑइल, व्हॅसलीन या सगळ्यांना हेच उत्तर. आजींना टॉवेल भिजवायला सांगा, त्यांचा हात हलका असतो.

९. डोळ्यावरचा चष्मा राहिलाय. चिमट्याने काढू?

चिमट्याने नाही, नखाने नाही, चिकटपट्टीनेही नाही. जुन्या चष्म्याच्या लगेच खाली नवा चष्मा असतो आणि त्याच्या खाली डोळा. ओढताना नवा निघाला तर डोळा उघडा पडतो आणि बहुतेकदा कायमचा जातो.

आधी तो खरंच राहिलाय का ते बघा. प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे कातीत फुगे शोधा. मग टॉर्च बाजूने धरून डोळा बघा. राहिलेला चष्मा धुरकट, सुरकुतलेला दिसतो, कधी कडेला पापुद्रा उचललेला असतो. डोळा स्वच्छ आहे पण बशीसारखा आत दबलाय, तर तो अडकलेला चष्मा नसून बहुधा पाण्याची कमतरता आहे. पाणी आणि आर्द्रता सुधारली की तो भरून येतो.

खरंच राहिला असेल तर ओलं बिळ (प्रश्न ६) आणि ओला टॉवेल (प्रश्न ७) एवढंच करा आणि पुढच्या कातीची वाट बघा. हवा सुधारली असेल तर पुढच्या वेळी दोन्ही थर एकत्र निघतात. दोन काती झाल्या तरी निघाला नाही, डोळा सुजला किंवा कडेला पू दिसला तर डॉक्टर.

१०. शेपटीच्या टोकावरचा छोटा तुकडा राहू दिला तर चालेल ना?

पाठीवरचा चालेल, शेपटीवरचा नाही. घट्ट अंगठीत बोट सुजतं तसं होतं. कात वाळून आवळते, रक्त अडतं, टोक काळं पडून वाळतं आणि गळून जातं. दर कातीला एक थर साचत गेला तर हे हमखास. शेपटीला ओला कापूस दहा मिनिटं गुंडाळा, मग ओल्या टॉवेलमधून टोकाच्या दिशेने अलगद सरकवा. टोक आधीच काळं आणि कडक असेल तर हात लावू नका.

११. खोलीत कूलर लावला की भागेल ना?

वाळ्याच्या किंवा हनीकोंब जाळीचा कूलर खोलीची आर्द्रता खरंच वाढवतो, मे महिन्यात माझा अर्धा भार तोच उचलतो. पण झोत टाकीवर येऊ देऊ नका आणि रात्री टाकीचं तापमान तपासा. बॉल पायथॉनची थंड बाजू साधारण २५ अंशांच्या खाली जायला नको. ओलं आणि गार एकत्र आलं की छातीचा संसर्ग होतो. एसीचं उलटं आहे, तो हवा कोरडी करतो. एसीच्या खोलीत साप असेल तर प्रश्न ५ आणि ६ पुन्हा वाचा.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, साठवलेलं चालेल का, असंही बरेच विचारतात. झाकून ठेवलेलं चालतं. प्यायचं मात्र रोज बदला.

१२. आर्द्रता ९० टक्के ठेवली, आता पोटावर लालसर डाग आलेत.

टाकी सतत ओली राहिली की पोटाचे खवले सडू लागतात. आधी गुलाबी-तपकिरी डाग, मग फोड. ताबडतोब सगळं ओलं साहित्य काढा, कोरड्या टिश्यूपेपरवर ठेवा, आणि फोड असतील तर डॉक्टरकडे न्या. हवा दमट आणि पायाखालची जमीन कोरडी, असं जमलं पाहिजे. कोकोपीटचा खालचा थर ओला आणि वरचा कोरडा ठेवला की ते जमतं. टाकीच्या कोपऱ्यातून पाणी ओता, वरून शिंपडू नका.

१३. आर्द्रता बरोबर आहे, तरी दर वेळी अडकते.

आता हवेला दोष देता येत नाही. मी या क्रमाने बघतो. सगळ्यात आधी माइट, म्हणजे सापाच्या अंगावरचे बारीक परजीवी. मोहरीहून बारीक काळे ठिपके हनुवटीच्या घडीत, डोळ्यांच्या कडेला, पाण्याच्या भांड्यात बुडलेले. साप तासन्‌तास पाण्यात बसत असेल तर संशय पक्का. झुरळांचा किंवा कुत्र्याच्या पिसवांचा स्प्रे सापावर कधीही मारू नका, औषध डॉक्टरच ठरवतील. तोवर टाकी रिकामी करून गरम पाण्याने धुवा आणि टिश्यूपेपर घाला.

मग तापमान. बॉल पायथॉनला गरम बाजू ३१ ते ३३ अंश लागते आणि हीट मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आवरणारा स्विच, हवाच. मग टाकीत नाक घासायला काही आहे का? गुळगुळीत प्लॅस्टिकच्या डब्यात वाढलेल्या सापाला पहिली कड सोडवायलाच जमत नाही. एक खडबडीत दगड किंवा झाडाची जाड साल ठेवा. दर वेळी नेमकी एकाच जागी अडकत असेल तर तिथे जुना व्रण असतो, त्याला दर कातीला टॉवेल लागणार. हे सगळं ठीक आणि साप वाळत चाललाय, तर आतला आजार समजून डॉक्टर गाठा.

१४. माझी मादी गाभण आहे, आणि पिल्लांचं काय?

मादी अंडी घालण्याआधी एक कात टाकते. बॉल पायथॉन त्यानंतर साधारण महिनाभराने अंडी घालते, कॉर्न स्नेक दहा-बारा दिवसांनी. या काळात तिला उचलून भिजवत बसू नका, ओलं बिळ पुरे. तिला अंड्यांसाठीही तेच आवडतं. या दोन्ही जातींची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर आठ-दहा दिवसांत पहिली कात टाकतात आणि मगच खातात. पिल्लाची कातडी फार नाजूक, तिथे प्रश्न ७ मधला फक्त डब्याचा भाग करा. हातातल्या टॉवेलचा नको.

१५. डॉक्टर कधी आणि कुठला?

शेपटी काळी, डोळा सुजलेला, फोड, जखम, तोंड उघडं ठेवून श्वास, किंवा तीन दिवस टॉवेल करूनही अर्धं अंग झाकलेलं, यांपैकी काहीही दिसलं की. गाई-म्हशींचे आणि कुत्र्यांचे डॉक्टर भरपूर मिळतात, सरीसृपांचा हात असलेला आधीच शोधून ठेवा, फोनवर विचारून ठेवा. पुण्यापर्यंत जायची वेळ आली तर पहाटे निघा. सुती उशीच्या अभ्र्यात साप, अभ्रा हवेशीर डब्यात. दुपारी बंद गाडीत पाच मिनिटंही सोडू नका. निघालेली कात पिशवीत घालून सोबत न्या, डॉक्टरांना ती बरंच सांगते.

१६. नोंदणी लागते का? नसेल तर डॉक्टर तपासतील का?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या, म्हणजे साइट्सच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंद बंधनकारक झाली. त्याचे नियम २०२४ मध्ये आले. नोंद केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर होते. बॉल पायथॉन आणि सँड बोआ या यादीत आहेत, कॉर्न स्नेक नाही. विकत घेताना कागद मागा, पिल्लं झाली किंवा साप मेला तरी कळवा. दवाखान्यात कागद विचारले तर रागावू नका, त्यांनाही उत्तर द्यावं लागतं.

१७. माझ्याकडे मांडूळ आहे, त्याची कात अडकली.

मांडूळ, धामण, अजगर, नाग, आपल्या मातीतला कुठलाही साप पाळणं हा गुन्हा आहे. केनियन सँड बोआ दिसायला मांडुळाचा चुलत भाऊ, पण कायद्यात दोघांचं नातं नाही. ‘दुतोंड्या’ म्हणून लाखांत विकला जातो ही अफवा मांडुळाच्या मुळावर आली आहे. त्याचं दुसरं तोंड म्हणजे बोथट शेपटी. वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा आणि साप सुपूर्द करा. कातीचं ते बघतील.

१८. घरात पांढऱ्या डोळ्यांचा साप शिरलाय. त्याला ओला टॉवेल टाकू का?

मुळीच नको! तो रानातला आहे, विषारी असू शकतो, आणि कात टाकायच्या बेतात असलेला साप जास्त बिथरतो. लांबून नजर ठेवा, मुलांना बाहेर काढा, सर्पमित्राला किंवा १९२६ ला बोलवा. नागपंचमीच्या दिवशी असला तरी दूध ठेवू नका. साप दूध पचवू शकत नाही.

१९. माळ्यावर सापाची कात सापडली. तिजोरीत ठेवली तर पैसा येतो म्हणतात.

माझ्याकडे सत्तरेक काती डब्यांत जपलेल्या आहेत, प्रत्येकीवर तारीख. घराचा हप्ता अजून चालू आहे. तुमच्या माळ्यावरचा साप कदाचित केव्हाच निघून गेला असेल, पण उंदीर असल्याशिवाय तो तिथे चढला नव्हता. आधी ती बिळं बुजवा.